पाच नंबरवर कोण

सोमारी, काल शाळा सुटल्यावर मी बोडीच्या पारीवर एकटीच जाऊन बसले. गावात मोबाइलला धड रेंज मिळते ती तिथेच, त्यामुळे सवयीनं पाय तिकडे वळले. खाली बांधीत धान पिवळं पडलंय. तळ्याच्या पाण्यात कोणी म्हशी धूत होतं. फोन हातात धरून बसले आणि संघ जाहीर झाल्याची बातमी आली. कसोटीच्या दौऱ्यासाठी पाच नंबरवर माझा पोट्टा घेतलाय. तुझा म्हातारा वगळला.

"सोमारे!" म्हणून हाक मारायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. तुला जाऊन महिनाही झाला नाही, जीभ अजून शिकलेली नाही. म्हशीवाल्यानं विचारलं, "का झालं मास्तरीनबाई?" मी म्हटलं, काही नाही. खरं तर मी जिंकले होते. किती वर्षांनी जिंकले असेन. पण उठून घरी जायचासुद्धा कंटाळा आला.

चिमूरहून माझी बदली धानोऱ्याच्या पुढे या गावी झाली तेव्हा मी आठवडाभर रडत होते, हे तुला ठाऊक होतं, कारण मी रडत होते ती खोली तुझीच होती. नवरा चंद्रपूरला नोकरीवर, मुलगी त्याच्याजवळ, आणि मी तुझ्या अंगणातल्या कुडाच्या खोलीत भाड्यानं. पहिल्या रविवारी बाहेर रेडिओवर हिंदीत कॉमेंट्री लागलेली ऐकली. वाटलं, घरात कोणी पुरुषमाणूस असेल. बाहेर आले तर तू एकटीच लाखोळी पाखडत बसलेली. तुझा नवरा जंगलखात्यात रोजंदारीवर होता, त्याचा रेडिओ. तो गेला आणि रेडिओ तुझ्याकडे राहिला, आणि रेडिओबरोबर क्रिकेटही.

मी सहज म्हणाले, "तो तीन नंबरवाला अजून कशाला ठेवलाय? एक डाव चालत नाही त्याचा."

तू सूप खाली ठेवलंस. "काऊन? नव्या गेंदले कोन पाहीन मंग? तू जाशीन का बल्ला घेऊन?"

त्या दिवशी माझं रडणं थांबलं. भांडायला माणूस मिळालं की परकं गाव अर्धं तरी आपलं होतं. मी लहानपणी चिमूरला भावांबरोबर धानाच्या कापलेल्या शेतात खेळलेली, बॅटिंग कधी मिळाली नाही, चेंडू आणून देण्यात बालपण गेलं. त्यामुळे बाहेर बसलेल्या खेळाडूबद्दल मला आधीपासून कळवळा. ज्याला संधी मिळत नाही, तो माझा. तुझं उलटं. जो उभा आहे, त्याला उभं राहू द्या, हा तुझा बाणा. आणि तुला फक्त कसोटी लागायची. वीस षटकांच्या मॅचला तू नाक मुरडायचीस. "थे तं लग्नातल्या डीजेवानी वं. कानाले कळते, डोक्याले नाई." कसोटी कशी दिवसभर चालते, मोहा वेचता वेचता, धान निंदता निंदता ऐकता येते, मध्ये जाऊन बैलाला पाणी पाजून आलं तरी काही बिघडत नाही, हे तुझं म्हणणं.

खेळाडूंची नावं आपण कधी घेतली नाहीत. एकदा मी विचारलं तर म्हणालीस, "नाव कायले पायजे? मी का त्याचं आधार कार्ड काढून राह्यली?" म्हणून तो म्हातारा, तो पोट्टा, तो जाड्या, तो दाढीवाला. म्हातारा तसा माझ्या धाकट्या भावापेक्षाही लहान असेल. पण क्रिकेटात माणूस लवकर म्हातारा होतो.

संघ निवडायची आपली रीत गावचीच होती. या गावात कुठलाही विषय हात वर करून, डोकी मोजून ठरत नाही. ग्रामसभेत सगळे हो म्हणेपर्यंत विषय उघडा राहतो. एकाचा जरी नाई असला तरी पुढच्या सभेत परत बोलायचं, परत त्याचं ऐकायचं. मी नवी होते तेव्हा या प्रकारानं माझा जीव जायचा. बांबूच्या एका विषयावर तीन बैठका झाल्या. शेवटी कोपऱ्यातला एक आजा म्हणाला, "करा बापा, मले झोप येऊन राह्यली." मला वाटलं, सुटलो. तर तूच उभी राहिलीस. "थकून म्हनलेला हो धरत नाई. उद्याले सांगजो, झोप झाल्यावर." आणि लोकांनी खरंच सभा उठवली. मी तुझ्यावर चिडले होते त्या रात्री. आता वाटतं, एवढा मान कोणाच्या कंटाळ्याला दुसरीकडे कुठे मिळतो?

तीच रीत आपण क्रिकेटला लावली. सारवलेल्या अंगणात लाखोळीचे दाणे मांडायचे, एक दाणा एक बल्लेबाज. दोघींचा हो आला की दाणा पक्का. सलामीचे दोन पटकन व्हायचे, तीन-चारला चहा लागायचा, आणि पाच नंबरवर गाडी अडायची ती अडायचीच. एकदा आपण भांडत असताना तुझी कोंबडी आली आणि अख्खी मधली फळी टिपून गेली. तू म्हणालीस, "पाह्य, निवड समिती आली." आणि मग तिला गोंडीत अशा शिव्या दिल्यास की तुझी सून रेखा आतून तोंड दाबत बाहेर आली. त्या शिव्यांचा अर्थ मला आजपर्यंत कोणी सांगितलेला नाही.

पाच नंबरचं भांडण मी परत मांडते, कारण तुझ्या बाजूचं मांडायला आता तू नाहीस. मी म्हणायचे, पोट्टा देशातल्या सामन्यांत धावांचे ढीग लावतोय, दोन मोसम बाहेर बसून पाणी वाटतोय. अजून किती थांबवायचं? पोरांना वेळेवर वर्गात पुढे बसवलं नाही तर ती मागेच राहतात, हे मी रोज बघते. तू म्हणायचीस, "ढीग घरच्या पाटा पिचवर लावला त्यानं. तिकडं गेंद छातीवर येते. थ्या म्हाताऱ्याच्या आंगावर पाह्य किती डाग हायेत. चवथ्या डावात, संध्याकाळी, सहा गडी गेले असले का कोन उभा राह्यते?" मी म्हणायचे, म्हाताऱ्यानं शेवटचं शतक कधी केलं ते तरी आठवतं का? तू म्हणायचीस, "शंभर मोजाले मी का दुकानदार हावो?"

तू नेहमी बरोबर असायचीस असंही नाही. डावखुऱ्या सलामीवाल्याच्या बाबतीत तू सपशेल तोंडावर पडली होतीस आणि मग आठ दिवस तो विषय काढला की तुला कामं आठवायची. मी पण काही कमी नव्हते. पण चूक निघाली म्हणून आपल्यात कोणी कोणाला खाली पाहायला लावलं नाही. ते आपोआप झालं होतं, ठरवून नाही.

मग तुझे पाय सुजायला लागले. गडचिरोलीच्या डॉक्टरांनी सांगितलं, दोन्ही किडन्या गेल्यात. आठवड्यातून दोनदा मशीनवर जायचं. तुझा मुलगा मनोहर एक खेप करायचा, शनिवारची खेप माझी. पहाटेची एसटी, मग चार तास मशीन, मग परतीच्या गाडीची वाट. मशीनवर एक हात बांधलेला असायचा, म्हणून दुसऱ्या हातानं तू पलंगाच्या चादरीवर फलंदाजी क्रम मांडायचीस, बोटांनी. शेजारच्या पलंगावरचे लोक आधी हसायचे, नंतर त्यांचीही मतं यायला लागली. परतताना मात्र तुझं डोकं माझ्या खांद्यावर पडलेलं असायचं आणि तू एक शब्द बोलायची नाहीस. त्या गाडीतली ती शांतता माझ्या अंगात अजून आहे. मीही दमायचे, सोमारी. रविवारी मुलीकडे चंद्रपूरला जायचे ते झोपायलाच. हे मी तुला कधी सांगितलं नाही आणि तू कधी विचारलं नाहीस, पण माझ्या खोलीसमोर रविवारी रात्री पाणी तापवून ठेवलेलं असायचं.

सगळ्यात जास्त त्रास तुला पाण्याचा झाला. दिवसभरात मोजकं पाणी. बोडीच्या काठी जन्म काढलेली बाई, आणि घोट मागायचा तर सुनेकडे बघायचं. मीठ नाही, फळ नाही, लोणचं नाही. "मास्तरीन," तू एकदा म्हणालीस, "जीव हाय तं चव नाई, आन चव घेतो म्हनलं तं जीव जाते. हा कोनता खेळ वं?"

पावसाळ्यात एका संध्याकाळी तू घरच्यांना अंगणात बसवलंस. मनोहर, रेखा, तुझा दीर, आणि मला हाक मारलीस. मला वाटलं शेताचा विषय असेल. तू म्हणालीस, "मले आता मशीनवर जायाचं नाई. तुमा सगळ्याइचा हो पायजे."

मनोहरनं हो म्हटलं. घरच्यांनी आधीच रडून घेतलं होतं, मला ते उशिरा कळलं. दिरानं हो म्हटलं. रेखानं मान हलवली. मी म्हणाले, नाही.

मी एकटीच. भाडेकरू. परजातीची, परगावची. मला वाटलं, तुम्ही पुढे जाल, माझं कोण धरतंय. पण तू म्हणालीस, "तं मंग विषय उघडा." आणि पुढच्या शनिवारी पहाटे डोक्याला पदर घेऊन एसटीच्या थांब्यावर येऊन बसलीस. त्यानंतरच्याही शनिवारी. दरम्यान गडचिरोलीच्या डॉक्टरांनी एकदा विचारलं, "बंद करायचं म्हणत होता ना? काय ठरलं?" तू पडल्यापडल्या सांगितलंस, "नाई ठरलं अजून. एकीचा हो राह्यला." डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं.

तुझा राग आला होता मला, आज सांगते. का विचारलंस? नातेवाईक विचारून घ्यायचे, मला नंतर कळवायचं, मी रडले असते आणि मोकळी झाले असते. जगात कुठल्या भाडेकरणीला असं विचारतात? तू मला घरातलं धरलंस आणि त्याबरोबर हे ओझंही माझ्या पदरात टाकलंस. त्या दिवसांत मी वर्गात पोरांना पाढे म्हणायला लावून नुसती बसून राहायचे.

आणि मी भांडत राहिले, क्रिकेटसारखीच. "मशीन आहे, एसटी आहे, मी आहे. अडचण काय आहे तुला?"

"मशीन हाय, एसटी हाय, तू हायस," तू म्हणालीस. "मी कुठी हावो?"

एकदा परतीच्या गाडीत मी अगदीच खालच्या थराला गेले. म्हणाले, "म्हाताऱ्याला ठेवा, ठेवा म्हणून एवढी भांडतेस आणि स्वतःला मात्र संघाबाहेर काढतेस. हा कुठला न्याय?" मला वाटलं, पकडलं तुला. तू डोकं माझ्या खांद्यावरून उचललंस. इतकी रागावलेली मी तुला कधी पाहिली नव्हती.

"त्याले खेळाचं हाय, मास्तरीन. त्याले रोज सकाळी उठून खेळाचं हाय म्हून मी त्याच्यासाठी भांडते. मले नाई खेळाचं. माह्यं झालं. क्रिकेटातलं क्रिकेटात ठेव."

मग तू तुझं डोकं परत माझ्या खांद्यावर ठेवलंस आणि झोपलीस. गाडी धानोऱ्यात पोचेपर्यंत मी विचार करत होते. बाकी सगळ्यावर तुझ्याकडे युक्तिवाद असायचे, दाणे असायचे, शिव्या असायच्या. इथे एवढंच होतं की तुला नको होतं. मी इतके दिवस मशीनबद्दल भांडत होते, एसटीबद्दल भांडत होते. तुला काय हवंय हे मी ऐकलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी चंद्रपूरला गेले नाही. सकाळी चहा घेऊन तुझ्या खाटेजवळ बसले आणि म्हणाले, "हो."

तू कप खाली ठेवलास. "थकून म्हनून राह्यली का?"

"थकले तर आहेच," मी म्हणाले. "पण थकून नाही म्हणत."

तू खूप वेळ माझ्याकडे बघितलंस, वर्गात पोरगं खरं बोलतंय का हे मी जसं बघते तसं. मग "बेस," म्हणालीस. आणि रेखाला हाक मारून म्हणालीस, "लोटाभर पानी आन वं. भरून."

ते पाणी पिताना तुझा गळा हलत होता तो मी बघत होते. पदरावर सांडलं, तू पुसलं नाहीस. पुढचे दिवस थोडेच होते, पण त्यात तू कैरीचं लोणचं खाल्लंस, चिरलेला पेरू खाल्लास मीठ लावून, अंगणात खाट टाकून पडून राहिलीस. डॉक्टरांनी श्वासाचा त्रास कमी व्हायला औषध दिलं होतं, ते मनोहर वेळेवर द्यायचा. रेडिओ उशाशी. मी तुझी कृतज्ञ आहे त्या दिवसांबद्दल. कृतज्ञ हा शब्द तुला आवडला नसता. पण दुसरा सापडत नाही, मी मास्तरीन आहे.

त्यातल्या एका दुपारी, डोळे मिटलेले असताना, तू म्हणालीस, "घे वं तुह्या पोट्ट्याले. पाच नंबरवर."

इतके दिवस मी या एका वाक्याची वाट बघत होते आणि मला ते नको झालं. मी म्हणाले, "थकून म्हणतेस तू. धरत नाही मी."

तू डोळे न उघडता हसलीस. "बदमाश," म्हणालीस. एवढंच. त्यानंतर क्रिकेटबद्दल आपलं काही बोलणं झालं नाही. तू जास्त झोपायला लागलीस, आणि एका सकाळी उठलीच नाहीस. रीतीप्रमाणे तुझ्या अंगावर सगळ्या गावानं शेवटची लुगडी घातली. मीही घातलं, हिरवं. तुला बहीण म्हणायचं राहून गेलं, ते तेव्हा म्हटलं, पण तेव्हा काय उपयोग.

काल पारीवरून घरी आले तेव्हा रेखा चुलीपाशी होती. तिला कोणाकडून तरी कळलं होतं. माझं मन रमवायला म्हणाली, "मास्तरीनबाई, तुमचाच पोट्टा घेतला म्हन्ते. जितले तुमी."

मी म्हणाले, "घेतला गं. पण चौथ्या डावात कोण उभं राहणार? चेंडू छातीवर येतो तिकडे. म्हाताऱ्याच्या अंगावर किती डाग आहेत बघ. सहा गडी बाद झाल्यावर या पोराच्यानं होणार आहे का?" बोलत सुटले. तुझे शब्द, तुझा सूर, मधूनच मी मांडीवर थापही मारली. रेखा भाकर तव्यावर तशीच ठेवून बघत राहिली.

"बरं बाई," ती म्हणाली, "तं म्हाताराच घ्या. मले का."

"असं नाही गं," मी म्हणाले. "लगेच हो नाही म्हणायचं. आधी नाही म्हण. माझा पोट्टाच चांगला, असं म्हण. भांड माझ्याशी."

तिनं प्रयत्न केला बिचारीनं. "पोट्टा चांगला हाय," म्हणाली, आणि मग पुढे काय बोलायचं ते तिला सुचेना. तिचे डोळे भरले. भाकर करपायला लागली तशी ती तिकडे वळली. मी माझ्या खोलीत आले आणि दार लोटून बसले. सोमारी, मला नाही म्हणणारं माणूस या घरात आता कोणी उरलं नाही.